बाळासोचे डबे

परवा माझ्या चष्म्याचा स्क्रू पुन्हा पडला. एवढासा तो, जोंधळ्याच्या दाण्याहून बारीक. सगळं घर झाडलं आणि केर सुपलीत घेऊन उन्हाला ओट्यावर बसले, बोटानं चाळत. सून म्हणाली, "आत्याबाई, केरात काय सोनं घावायचं हाय का?" मी म्हटलं, "घावतंय की. एकाला घावायचं." तिला काही कळलं नाही, आणि सांगत बसायचा मला त्या दिवशी कंटाळा आला. आता वही घेऊन बसलेच आहे, तर सांगते.

बाळासो विट्याकडचा. तिकडची माणसं गलाईच्या धंद्यात, म्हणजे सोनं आटवून शुद्ध करून द्यायच्या. हा मिसरूड फुटायच्या आत चुलत्याबरोबर तमिळ मुलखात गेला आणि वीस वर्षं भट्टीपुढं बसला. सोनारांच्या दुकानातला केर ही माणसं मागून आणतात, हे मला त्याच्याकडून कळलं. तो केर जाळायचा, धुवायचा, मुशीत घालून आटवायचा, की तळाला सोन्याचा कण उतरतो. त्यामुळं केर दिसला की हा वाकलाच. "आक्का, माणूस खोटं बोलतंय, केर बोलत न्हाई," म्हणायचा.

तिथंच त्याला गर्दची सवय लागली. आधी ओढायचा, मग सुईवर गेला. कशी लागली, कुणी लावली, हे त्यानं कधी सांगितलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायचा, "भूक लागती तशी लागली गड्या." धंदा गेला, बायको लेकीला घेऊन विट्याला भावाकडं जाऊन राहिली, आणि थोरल्या भावानं याला आमच्या केंद्रात आणून घातला. साताऱ्याच्या बाहेर, कारखान्यांच्या मागल्या अंगाला एका जुन्या गोदामात आमचं व्यसनमुक्ती केंद्र. मी तिथं स्वयंपाकाला. तो बरा झाला आणि घरी जायच्या दिवशी झाडू घेऊन उभा राहिला. म्हणाला, मी हितंच राहतो, झाडलोट करतो. डॉक्टरांनी हो म्हटलं. झाडलोट करता करता तो तिथला अर्धा डॉक्टर झाला, ते कुणी ठरवून केलं नाही.

दिसायला काही नाही. काटकुळा, ऐन चैत्रात लांब बाह्यांचा सदरा, कारण आतले हात कुणाला दाखवायचे नव्हते. उजव्या हाताची बोटं तेजाबानं पिवळी, हळद लागलेल्या नवरदेवासारखी. कुणाचंही म्हणणं पटलं की "सेरी, सेरी" म्हणायचा. ते तमिळ, म्हणजे बरं, बरं. माझी भाकरी करपली की पण "सेरी, सेरी."

सकाळी हॉल झाडून केर दारात आणायचा आणि उकिडवा बसून बघायचा. कुणाच्या खाटेखाली बिडीची थोटकं किती, कुणी गोळी गिळायच्या ऐवजी चुरून टाकली, कुणाच्या नखाचे तुकडे पडलेत, म्हणजे रात्रभर नखं खात जागा होता. डॉक्टर सकाळी आले की आधी बाळासोला विचारायचे, "काय म्हणतोय आजचा केर?"

एकदा त्या केरात फोटोचे तुकडे निघाले. त्यानं माझ्या पोळपाटावर ते जुळवले. पोळपाट बाटवला म्हणून मी ओरडत होते, त्याचं लक्ष नव्हतं. एका बाईच्या कडेवर लहान मूल. फोटो नामदेवाचा. नामदेव माणचा, दहिवडीकडचा, तिशीचा गडी. मुंबईला माथाडी होता, तिथं गर्दला लागला. केंद्रात आल्याला महिना झाला होता, अंग भरलं होतं, आता सुधारलाच असं आम्ही धरून चाललो होतो.

बाळासो उठला आणि सरळ त्याच्या खाटेवर जाऊन बसला. मी चहाची किटली घेऊन मागंच होते. मला वाटलं, आता समजूत घालेल. तर हा म्हणतो, "नामदेव, मरायचं मनात येतंय का?"

माझ्या हातात किटली होती म्हणून, नाहीतर तोंडावर पदर घेतला असता. असं अभद्र कुणी तोंडानं काढतं का? आमच्याकडं निघताना 'जातो' म्हटलेलं चालत नाही, 'येतो' म्हणावं लागतं.

नामदेवानं भिंतीकडं तोंड केलं. मग म्हणाला, "रोज येतंय."

"रोज म्हंजी कवा? सकाळी का तिनीसांजंला?"

"सकाळी. उठलं की."

"मग सकाळी मी हितं येऊन बसत जाईन. तू बोलू नगंस. बसायचं नुसतं. काय करायचं ठरीवलंय का?"

ते दोघं पुढं काय बोलले ते मी ऐकलं नाही, कारण बाळासोनं मला डोळ्यानं जा म्हटलं. पण नामदेव लहान मुलासारखा रडतोय हे सैपाकघरात ऐकू येत होतं. डॉक्टरांनी त्याच दिवशी त्याचं औषध बदललं.

दुपारी मी बाळासोला झाडला. "असं इचारतात व्हय रं? त्याच्या मनात नसंल तर तुझ्या बोलण्यानं यायचं."

तो भाकरी मोडत म्हणाला, "न्हाई येत आक्का. मनात नसलं तर इचारून येत न्हाई. आन असलं तर त्याला एकट्याला वागवाया लागतंय. ते लय जड आसतंय. मी वागीवलंय न्हवं." आणि घास गिळून, "लोकास्नी वाटतंय, नशा सुटली की माणूस सुटला. नशा सुटल्यावर डोकं जागं हुतंय. केलेलं सगळं दिसाया लागतंय. आपली बी खुळी माणसं, त्याच टायमाला घरी घिऊन जात्यात आन एकट्याला माडीवर निजवत्यात, इश्रांती घे म्हंत्यात."

हे त्यानं फार आधी ओळखलं होतं. आम्ही घरी पाठवताना पेढे वाटायचो आणि त्यानंतरच्या महिनाभरात कुणाची ना कुणाची वाईट बातमी यायची. त्यावरून त्यानं डब्यांचं काढलं.

भंगारवाल्याकडून त्यानं स्टीलचे डबे आणले. जुने, लग्नात आहेर आलेले, झाकणावर नावं घातलेली. कुणावर 'मामाकडून सप्रेम भेट', कुणावर कुठल्या तरुण मंडळाचं नाव. 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असला डबा निघाला की तो बाजूला ठेवायचा. "ह्यो नगं. आपल्या गिऱ्हाइकाला उगाच आठवण कशाला." घरी जाणाऱ्याच्या हातात डबा द्यायचा, त्यात माझ्या हातची शेंगादाण्याची चटणी, आणि सांगायचा, "डबा माझा हाय. गुरवारी परत आणून द्यायचा. आन रिकामा आणायचा न्हाई."

एवढंच. पण आपल्याकडं शेजारणीची वाटी कुणी रिकामी परत देत नाही. चिमूटभर साखर तरी घालून देतो. रिकामं भांडं देणं म्हणजे घरात काही उरलं नाही असं सांगणं. हे प्रत्येकाच्या हाडात असतं, नशेबाजाच्या पण. गुरुवारी डबे यायचे. एकात हिरवी मिरची, एकात मूठभर गूळ, कुणी शेतातले हरभरे. एक कराडचा कॉलेजचा पोरगा, त्याला घरात काही हातात मिळालं नाही म्हणून त्यानं डब्यात कढीपत्त्याची डहाळी घातली होती. बाळासोनं ती अशी हुंगली की जणू अत्तर. मग डबेवाल्याला जवळ बसवायचा आणि विचारायचा. तोच प्रश्न. कधी 'न्हाई', कधी 'थोडं थोडं'. 'थोडं थोडं' म्हणणाऱ्याला त्या दिवशी डॉक्टरांची गाठ घातल्याशिवाय सोडायचा नाही. जाताना डबा पुन्हा भरून द्यायचा.

नामदेव घरी गेल्यावर दोन गुरुवार आला. पहिल्यांदा बाजरी, दुसऱ्यांदा लिंबं. तिसऱ्या गुरुवारी त्याचा फोन आला. जेवणाची वेळ होती, बाळासो पंगतीला वाढत होता, एका हातात आमटीची बादली, कानाला फोन. मी ऐकलं ते एवढंच, "सेरी, सेरी. पुढल्या गुरवारी आण मग." आणि फोन खिशात घातला.

पुढच्या गुरुवारी त्याचे वडील आले. डोक्याला पटका, खांद्यावर घोंगडं, उन्हानं तापलेले. माणहून दोन गाड्या बदलून आले होते. त्यांनी डबा बाळासोच्या पुढं धरला.

"तुमचा डबा हाय न्हवं? द्याया आलोय."

"नामदेव कुठं हाय, आबा?"

"पोरगं गेलं."

कसं गेलं ते मी इथं लिहिणार नाही. त्याच्या आईला वाचता येत नाही, तरीसुद्धा नाही. म्हातारा ओट्यावर टेकला, पाणी प्याला आणि म्हणाला, "त्याच्या आईनं मटकी घातलीया डब्यात. म्हणाली, लोकाचा डबा रिकामा कसा द्यायचा."

बाळासोनं झाकण उघडलं नाही. डबा दोन्ही हातांत धरून उभा राहिला. आबांना मी जेवायला वाढलं, त्यांनी अर्धी भाकरी खाल्ली. जाताना तेच बाळासोच्या पाठीवर हात फिरवून गेले.

त्या संध्याकाळी तो मला एवढंच म्हणाला, "फोनवर इचारायचं राहिलं आक्का. हातात बादली हुती."

मी म्हटलं, "तू काय देव हायस का?"

"न्हाई. पण हातात बादली हुती."

पुढं पंधरा-वीस दिवस तो गप्प होता. झाडायचा, बघायचा, पण डॉक्टरांनी विचारलं की "काय न्हाई" म्हणायचा. मग एकदम हसायला लागला. मला बरं वाटलं, खरंच सांगते. चांगला लोकरीचा स्वेटर वॉचमनला देऊन टाकला, म्हणाला मला उबारा लय हुतोय. रेडिओ एका नव्या पेशंटला दिला. लेकीला फोन करून तासभर बोलला. मी मनात म्हटलं, सुटला एकदाचा दुःखातनं.

माझा पण एक डबा त्याच्याकडं असायचा. मी रोज घरून त्याला काहीतरी आणायची, कधी ठेचा, कधी थालीपीठ, आणि तो डबा कधी रिकामा द्यायचा नाही. एक वेलदोडा, पेरूची फोड, एकदा तर चिंचेचा कोवळा पाला. त्या सकाळी त्यानं डबा दिला तो धुऊन, पुसून, कोरडा. मी झाकण उघडलं. काही नाही.

"आरं, रिकामा देतोस व्हय?" मी म्हटलं. "दुनियेला शिकवतोस आन मला रिकामा? काय इसरलास का रीत?"

तो हसला. "आज काय न्हाई आक्का. माफी करा." आणि म्हणाला, "गावाकडं जाऊन येतो." नाही, चुकले. "जातो" म्हणाला. मी तेव्हा तेही ऐकून घेतलं आणि पिठात हात घातला. फुगून बसले होते मी. रिकाम्या डब्यावरून. एवढी वर्षं त्याच्याबरोबर काढून मला त्यात दिसला तो उद्धटपणा.

भाज्यांची देठं टाकायला मागं गेले तर केराच्या टोपलीत वरच माझ्या चष्म्याचा स्क्रू पडलेला. उन्हात चमकत होता. चार दिवस मी दोऱ्यानं चष्मा बांधून हिंडत होते आणि बाळासोनं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं, "केरात घावलाच म्हणून समजा." म्हणजे आज त्यानं केर बघितलाच नव्हता. झाडला आणि टाकला.

मग रिकामा डबा, स्वेटर, रेडिओ, सगळं एकदम माझ्या अंगावर आलं.

मी पिठाच्या हातानं रस्त्यावर आले, रिक्षा धरली आणि स्टँडवर गेले. रिक्षावाला म्हणाला, "मावशी, कुनाला गाठायचंय?" मी म्हटलं, "माझ्या माणसाला." विट्याची गाडी फलाटाला लागलेली. बाळासो चढला नव्हता. बाकड्यावर पिशवी मांडीत घेऊन बसला होता, आणि गाडीकडं बघत पण नव्हता.

मी शेजारी बसले. पहिल्यांदा काय विचारलं असेल? "जेवलास का?"

"न्हाई."

मग विचारलं. कसं विचारलं ते मलाच माहीत. "बाळासो, मरायचं मनात हाय का रं?"

कंडक्टरनं दोनदा घंटी दिली, गाडी निघून गेली. त्याची पिवळी बोटं पिशवीच्या बंदाला पीळ देत होती.

"व्हय," तो म्हणाला.

मला ओरडावंसं वाटलं. लेकीचं नाव घ्यावंसं वाटलं, देवाची शपथ घालावीशी वाटली. पण नामदेवाच्या खाटेवर बसून तो कसा बोलला होता ते मला आठवत होतं, आणि त्यातलं त्यानं काहीच केलं नव्हतं. म्हणून मी पण नाही केलं. "बरं," म्हटलं. "ती पिशवी माझ्याकडं दे. आज न्हाई. उद्याचं उद्या बघू. आज माझ्यासंगं चल."

त्यानं पिशवी दिली. तीत काय होतं ते मी बघितलं नाही, तशीच डॉक्टरांच्या हातात दिली. रिक्षात तो माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला, एवढ्या रस्त्यात, जणू महिनाभर झोपला नव्हता. नव्हताच झोपला. केर त्याचा त्यालाच बघायचा होता, दुसरं कोण बघणार होतं?

इथं गोष्ट संपली असती तर मला बरं वाटलं असतं. पण ही गोष्ट तशी संपत नाही, फार दमवते. तो दवाखान्यात राहिला, गोळ्या सुरू झाल्या, परत आला. सहा महिन्यांनी एकदा सुईकडं पुन्हा गेला, दोन दिवस बेपत्ता होता, स्वतःच आला आणि दारात बसून राहिला. पुन्हा सगळं पहिल्यापासून. दर गुरुवारी डबेवाले उठले की मी पदराला हात पुसत त्याच्यापुढं बसायची आणि विचारायची. सुरुवातीला तो चिडायचा, "आक्का, माझीच औषधं मला पाजताय." मग सवय झाली. कधी न्हाई म्हणायचा, कधी थोडं. एकदा म्हणाला, "आज इचारू नगा, आज लय हाय." मी त्या दिवशी घरी गेले नाही, सुनेला फोन करून सांगितलं. त्याची बायको आली, दोन दिवस राहिली. तीच मला म्हणाली, "आक्का, मी सोळा वर्सं ह्यास्नी इचारलं न्हाई. भ्या वाटायचं."

एकदा भाज्या निवडताना मी त्याला सहज म्हटलं, "तुला काय पायजे रं बाळासो, आयुष्यात?" मला वाटलं, लेकीचं लग्न म्हणेल. तो म्हणाला, "आपल्या मरणानं मरायचंय, आक्का. चारचौघांगत. ताप येऊन, खोकला हून, कायबी. लेकीला कुनी इचारलं, बा कशानं गेला, तर तिनं मान खाली न घालता सांगितलं पायजे."

असलं मागणं मी कुणाच्या तोंडून ऐकलं नव्हतं. मी त्याला लसूण सोलायला दिला.

त्यानंतर तो पाच वर्षं जगला. त्या जुन्या सुयांनी लिव्हर खाल्लं होतं, ते शेवटी बोललं. पोट फुगलं, डोळे पिवळे झाले. "बोटं आदीच हुती, आता डोळं बी मॅचिंग," म्हणाला. भावानं सांगलीच्या सरकारी दवाखान्यात ठेवला, विट्याहून बायको-लेकीला यायला सोपं म्हणून.

मी गेले तेव्हा दुपार होती. बायको औषध आणायला खाली गेलेली. आदल्या खेपेला मी डब्यातून पातळ मुगाची खिचडी नेली होती. या वेळी भाताची पेज. आदला डबा त्याच्या उशाशी होता. पेज दोन चमचे घेतली, पुरे म्हणाला. मी उगाच इकडचं तिकडचं बोलत होते, केंद्रात नवा झाडणारा ठेवलाय, नीट बघत नाही, असं काहीबाही.

"आज इचारलं न्हाई तुमी," तो म्हणाला.

"काय रं?"

"गुरवार हाय न्हवं आज."

वार माझ्या ध्यानात नव्हता. आणि अशा माणसाला आता काय विचारायचं? पण तो वाट बघत होता. मी चष्मा काढला, पुसला, घातला. "बाळासो, मरायचं मनात हाय का रं?"

"न्हाई," तो म्हणाला. त्याला हसायला त्रास होत होता, तरी हसला. "आता ते त्याच्या पायानं येतंय आक्का. मी कशाला आणाया जाऊ."

"सेरी," मी म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा.

निघताना त्यानं उशाशी हात घालून आदला डबा माझ्या हातात दिला. दारातून मागं वळून बघितलं तर तो झोपला नव्हता. खाली वाकून फरशीकडं बघत होता, कारण झाडणारी बाई त्याच्या खाटेखालचा केर ओढत होती.

सातारची गाडी पकडली. इस्लामपूर गेल्यावर मांडीवरचा डबा उघडला. आत उकडलेलं अंडं. दवाखान्यात सकाळी देतात ते, सालासकट, कागदात गुंडाळलेलं. माझ्या गळ्यात माळ आहे हे त्याला चांगलं ठाऊक होतं. पण त्याच्याकडं त्या दिवशी तेवढंच होतं.

शेजारच्या माणसानं वास घेतला. "आजी, अंडं हाय व्हय?"

"व्हय."

"खात न्हाई का?"

"न्हाई. माळकरी हाय मी."

"मग कशाला घेतलंया?"

"एकानं दिलंय," मी म्हटलं, आणि झाकण लावलं.